बारशाआधीचा सामना

रग्बीच्या सामन्याची शेवटची चार मिनिटं उरली होती आणि कॅल्डरवुड सिडनीच्या दोन गुणांनी पुढे होतं.

डॅरेनच्या डावीकडे सासरा नॉर्मन, उजवीकडे दोन मेहुणे, मागे सासूबाई मॉरीन आणि त्यांचा चहाचा थर्मास. उभ्याने सामना बघायच्या त्या पायऱ्यांवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. डॅरेन सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून कॅल्डरवुडचं गाणं म्हणत होता आणि मनातल्या मनात सिडनीसाठी देवाचा धावा करत होता.

तो मूळचा हेसलडेनचा. हेसलडेन म्हणजे कालव्यापलीकडचं गाव. तिथल्या गिरणीचं धुराडं या मैदानातून स्पष्ट दिसतं, म्हणून कॅल्डरवुडची माणसं त्या दिशेला बघत नाहीत. लग्नाच्या वेळी धर्माची काही अडचण आली नव्हती, दोन्ही घरं मेथडिस्ट पंथाचीच. डॅरेनला फक्त क्लब बदलावा लागला.

आजचा सामना वर्षातून एकदाच होतो. इंग्लंडच्या रग्बी लीगमधला पहिला आणि ऑस्ट्रेलियाच्या लीगमधला पहिला समोरासमोर येतात. जिंकेल तो जगज्जेता. उरलेल्या जगाला याचा पत्ता नसतो, पण तो उरलेल्या जगाचा अडाणीपणा.

घरी पाळण्यात डॅरेनचा मुलगा होता, अजून बिननावाचा. गेल्या रविवारी जेवताना नॉर्मन म्हणाला होता, "आपण जगज्जेते झालो तर पोराला आपल्या कॅप्टनचं नाव. बार्नबी. बोल, कबूल?" डॅरेनने तोंडातला बटाटा गिळून "कबूल" म्हटलं होतं. सिडनीला हरवणं कॅल्डरवुडला बापजन्मात जमणार नव्हतं. आणि बार्नबी म्हणजे कोण? हेसलडेनच्या तीन खेळाडूंचे जबडे मोडणारा. हेसलडेनमध्ये हे नाव फक्त कुत्र्यांना ठेवतात, तेही चावऱ्या.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला सिडनीचे पाठीराखे होते. त्यातले खरोखर सिडनीहून आलेले मूठभर, बाकी सगळं हेसलडेन. जवळच्या ब्लॅकपूलच्या किनाऱ्यापुढे कधी न गेलेला डॅरेनचा बाप विल्फ तिथे निळापिवळा मफलर गुंडाळून ऑस्ट्रेलियाचं गाणं म्हणत होता. शब्द येत नव्हते तिथे नुसतं हुंकारत होता. नातवाच्या नावाचा सौदा त्याच्या कानावर गेलेला नव्हता. सांगायची डॅरेनची छाती झाली नव्हती.

"गा की रे!" नॉर्मनने कोपर मारलं. "ओठ हलतायत, आवाज कुठाय?"

"घसा बसलाय, नॉर्मन."

"हेसलडेनचा घसा तो," थोरला मेहुणा म्हणाला. "तिकडे जिंकतंय कोण? ओरडायचा सराव कुठून असणार?"

"बार्नबी हॅटर्स्ली," मॉरीनने मागून नातवाचं नाव आडनावासकट उच्चारून पाहिलं. "भारदस्त वाटतं. नाही का रे डॅरेन?"

"फारच," डॅरेन म्हणाला.

शेवटच्या मिनिटाला सिडनीच्या एकाने चेंडू आभाळात उडवला. तो खाली येऊ लागला तेव्हा खाली बार्नबी हात पसरून उभा होता. असे शेकडो चेंडू त्याने झोपेतही धरले असते. हा हातांतून निसटला, छातीवर आपटला आणि रेषेमागे पडला. सिडनीच्या एका लांबटांग्या पोराने त्यावर अंग झोकून दिलं. चार गुण. पाठोपाठ सामना संपल्याचा भोंगा वाजला. खलास.

पायऱ्यांवर बार्नबीच्या नावाने शिव्या सुरू झाल्या. डॅरेनला हसू आवरेना. त्याने घाईघाईने मफलरमध्ये तोंड खुपसलं. खांदे गदागदा हलू लागले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"मॉरीन," नॉर्मन हलक्या आवाजात म्हणाला, "अगं, बघ. पोरगा रडतोय."

थोरल्या मेहुण्याने डोक्यावरची टोपी काढली. नॉर्मनने डॅरेनचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

"इतकी वर्षं एका टेबलावर जेवतोय आपण. रोज मनात म्हणायचो, हा आतून हेसलडेनचाच. चुकलो मी, पोरा." त्याने बाहीने नाक पुसलं. "ते नावाचं सोड आता. हरलेल्याचं नाव कशाला? तू ठेवशील ते."

सुटका झाली होती. नुसती मान हलवायची होती. डॅरेनने मफलरमधून तोंड वर काढलं. आजूबाजूचे सगळे त्याच्याचकडे बघत होते, भरल्या डोळ्यांनी. कोणी अनोळखी म्हातारा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. मॉरीनने थर्मासमधला उरलासुरला चहा त्याच्यापुढे धरला होता.

"हरला म्हणून काय झालं?" कोणीतरी म्हणालं. "बार्नबीच ठेवू."

आवाज आपलाच होता, हे डॅरेनला जरा उशिराने कळलं.

"ऐका रे!" नॉर्मन ओरडला. "माझ्या नातवाचं नाव बार्नबी!"

नाव पायरी पायरी वर चढत गेलं. आत्ताच बार्नबीच्या सात पिढ्या उद्धरणारी माणसं टाळ्यांच्या ठेक्यावर त्याचं नाव गाऊ लागली. चिखलात डोकं धरून बसलेल्या बार्नबीने चमकून वर पाहिलं.

ते दुसऱ्या टोकालाही ऐकू गेलं. ज्याने सामना घालवला त्याचाच जयजयकार! हेसलडेनवाल्यांना ही चेष्टा आयती मिळाली. त्यांनीही तोच ठेका धरला, दुप्पट जोरात. सगळ्यांच्या पुढे विल्फ. मफलर डोक्यावर गरगर फिरवत, गळ्याच्या शिरा ताणून, तो नातवाचं नाव घेत नाचत होता.