देवराईतली फळं

श्वासावरून प्राणी ओळखणाऱ्या डबीवर अक्षरं उमटली: ‘नवी सस्तन जात. संख्या एक. अंतर अर्धा मीटर.’

मृणालिनीचा आनंद गगनात मावेना. याच्यासाठीच तर ती महिनाभर या देवराईत तंबू ठोकून होती.

“मामा, हलू नका! इथंच आहे.”

वाटाडे भिवामामा जागीच थबकले. शिधा संपत आल्यापासून ते उरल्यासुरल्या सुक्या भाकरीवर होते. देवराईतलं काही तोंडात घालायचं नाही, ही त्यांच्या गावची रीत. तिला हसून मृणालिनीनं मात्र चार दिवस इथली जांभळी फळं पोटभर खाल्ली होती.

“ताई, माणसं किती म्हणते डबी? रोज दोन म्हणायची.”

तिनं खालची ओळ वाचली. “एक.”

भिवामामांनी कोयता पुढे धरला आणि ते एकेक पाऊल मागं सरकू लागले.