पोत्यांवरचा देव

माझ्या जुन्या जपानी नोटांच्या संग्रहाला आमच्या पंचवटीतल्या घरात 'आप्पांचे कागद' म्हणतात. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी अल्बम चाळत असताना माझ्या सुनेने, रोशनीने, पहिल्यांदाच विचारलं, "आप्पा, हा पोत्यांवर बसलेला जाडजूड माणूस कोण हो?"

मी हरखलो. हा दाइकोकू, जपान्यांचा धनाचा देव, खाली तांदळाची पोती आणि मुळात हा आपला महाकाल, असं सांगत सुटलो. एवढ्या जुन्या नोटेवर अजून एक डागही नाही, म्हणून मीसुद्धा तिला चिमट्यानेच उचलतो, हेही सांगायचं होतं. पण रोशनीला कंटाळा आला असेल असं वाटून गप्प बसलो.

संध्याकाळी पूजेला बसलो, तर लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी ती नोट, प्लॅस्टिकच्या पाकिटातून बाहेर काढलेली. दाइकोकूच्या कपाळावर ओलं गंध, पोत्यांवर हळदकुंकू, वर पाणी निथळणारा झेंडू. सगळे कौतुकाने माझ्याकडे बघत होते. माझे डोळे भरले.

 

"बघा, आप्पांना किती आनंद झाला!" रोशनी म्हणाली. "पुढच्या वर्षी सगळा अल्बमच पूजेत मांडू."