खांबामार्फत

"अरे खांबा, सांग तुझ्या मालकाला! विधवेचे पाहुणे पळवून भलं होत नाही म्हणावं!"

लास्मा शेजारच्या वऱ्हांड्याच्या खांबाकडे तोंड करून कडाडली. खांबापलीकडे तिच्या नणंदेचा नवरा बिन्सार कॉफी पीत बसला होता. तोबा सरोवराकाठच्या बताक लोकांत या नात्यातल्यांनी एकमेकांशी थेट बोलायचं नसतं. मध्ये माणूस नसेल तर खांब, भिंत, चूल, जे असेल ते.

नवरा गेल्यावर सासरच्या घरातल्या चार खोल्या पाहुण्यांना देऊन लास्मानं दिवस काढले होते. यंदा मात्र कुत्रं फिरकलं नाही. इंटरनेटवर काठावरची राहायची सोय शोधली की शेजारच्या बिन्सारचं घर पहिलं. तिचं कुठंच नाही. शेवटी बघणंच सोडलं तिनं. नाताळपर्यंत कुणी आलं नाही, तर घराला कुलूप लावून मेदानला लेकीकडे जायचं होतं.

बिन्सारनं कप खाली ठेवला.

"खांबा, त्यांना सांग, चार जण आपापल्या वेबसाइटवरून आपल्या घराची लिंक देतात, तेव्हाच आपण वर दिसतो. त्यांच्या घराची लिंक फक्त माझ्याकडे होती. ती त्यांनीच काढायला लावली."

खरंच होतं ते. आपलं नाव नणंदेच्या नवऱ्याच्या नावाला जोडलेलं, तेही साऱ्या जगासमोर! लास्माला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. लोक काय म्हणतील, एवढंच सुचलं तिला.

"मग आता रे, खांबा?" तिचा आवाज उतरला.

"होडीवाले, विणकरणी, चर्च, सगळ्यांकडे माझ्या घराची लिंक होती. महिन्यापूर्वी सगळ्यांना म्हटलं, माझी काढा, त्यांची लावा. बघू दे म्हणावं आज."

लास्मानं फोन काढला. पहिलंच तिचं घर. बिन्सारचं शोधता शोधता तिचा अंगठा दुखला, पण ते काही सापडेना. तिचे डोळे भरून आले.

"अरे खांबा, विचार ना त्याला! स्वतःच्या पोटावर पाय कशाला मारून घेतला म्हणावं?"

बिन्सारनं सरोवराकडे तोंड फिरवलं.

"सांग त्यांना, आपल्या बताकांत बायकोच्या माहेराचा मान वरचा. त्या नावाच्या वर जावयाचं नाव... इतकी वर्षं कसं बघवलं, ते माझं मला ठाऊक."