सोबतिणीची बोली

रेकॉर्डर चालू झाला आणि सरूबाई पुन्हा शुद्ध बोलू लागली.

"आमच्या बाजारात सकाळी पुष्कळ गर्दी असते. आम्ही तेथे मासे विकतो."

"आई, निबंध नको ना वाचूस! सुंदरामावशीशी बोलायचीस तसं बोल," समीक्षा वैतागली. तीन दिवस पालथ्या घड्यावर पाणी चाललं होतं. शुक्रवारी प्रबंध द्यायचा. विषय सोशिओलेक्ट, आणि वेसाव्याच्या कोळणींच्या बोलीचा एक नमुना हाती नाही. बाजारातल्या बाकीच्या बायका मशीन दिसलं की तोंडाला पदर लावत. सरांनी तर बजावलंच होतं, नमुना नाही तर पदवी विसर.

"तुझ्या त्या शब्दाचा अर्थ तरी काय?" बोंबील कापता कापता सरूबाईने विचारलं.

शब्द फोडून सांगायचं म्हटलं की समीक्षाची कळी खुलायची. "पहिला तुकडा लॅटिन. सोशियस, म्हणजे सोबती. दुसरा ग्रीक, म्हणजे बोलणं. सोबत्यांची बोली."

सरूबाईचा विळीवरचा हात थांबला. "मग उशीर केलास, बाळा. माझी सोबतीण सुंदरा आषाढातच गेली."

तीस वर्षं त्या दोघी बाजारात मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. समीक्षाला वाईट वाटलं, पण शुक्रवारची धास्तीही होती. घरात आई अशी पुस्तकी का बोलते, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. समीक्षा पाचवीत असताना झालेल्या पालकसभेनंतर आईने लेकीच्याच मराठीच्या पुस्तकावरून हे बोलणं घोटलं होतं. आईलाच भारी हौस, असं ती मैत्रिणींना कौतुकाने सांगायची.

तेवढ्यात सरांचा फोन आला. ती गल्लीत जाऊन बोलली. मुदत वाढली नाही. परत आली तेव्हा आई बोंबील धूत होती. रेकॉर्डर मात्र चालूच राहिला होता.

संध्याकाळी तिने हेडफोन लावले. आधी नुसती विळीची करकर. मग चार मिनिटं आईचा आवाज, लहानपणी ऐकलेला, भरभर आणि हेल काढणारा. सुटले एकदाची! समीक्षाने वही ओढली आणि पहिल्यापासून उतरवून घ्यायला लागली.

"सुंदरे, पोर भायेर गेली. आता बोलू गो. तिचे म्होरं नको. शालेचे सभेत माजा हात दाबून गप बसवलंन, त्या दिसापासून तिला माजे बोलीची लाज वाटते."