उद्घाटनाचा चेंडू

"हळूच टाका हं, मॅडम. साहेबांच्या बॅटला चेंडू लागला की लगेच फोटो," आयोजक माझ्या कानाशी पुटपुटला.

बेसबॉल स्पर्धेच्या उद्घाटनाला आलेले हे साहेब म्हणजे आमच्या खेळातल्या सर्वांत मोठ्या पुरस्काराच्या निवड समितीचे अध्यक्ष. मी राज्यातली सगळ्यात वेगवान पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी खेळाडू होते, तेव्हापासून दरवर्षी माझं नाव त्यांच्यापुढे जायचं आणि दरवर्षी ते गोड हसून म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की, ताई." ऐकता ऐकता माझे केस पिकले. खांदा मात्र अजून शाबूत आहे.

सत्काराचा फेटा बांधून साहेब बॅट धरून उभे राहिले. मी चेंडू सणसणीत सोडला. त्यांची बॅट नुसतीच हवेत फिरली. प्रेक्षक खिदळले. आयोजकाने डोळे वटारले.

"परत टाका!" साहेब लालबुंद झाले होते.

दुसराही हुकला. तिसऱ्याला त्यांनी इतक्या जोरात बॅट फिरवली, की फेटा घसरून नाकावर आला. फोटोग्राफरने नेमका तोच फोटो टिपला. बेसबॉलमध्ये तीन चेंडू हुकले की खेळाडू बाद; अंपायरने सवयीने हात वर करून त्यांना बाद दिलं.

मी पुढे झाले, त्यांच्या हातातली बॅट काढून घेतली आणि गोड हसले.

"पुढच्या वर्षी नक्की, साहेब."