बुसानचा बांगडा

"आई, एवढ्या लांब कोरियात आलोय. निदान हसा तरी!" मी वैतागून म्हटलं. समुद्राकाठचं देऊळ, रंगीत घरांची टेकडी, दुकानं, अख्खं बुसान सासूबाईंनी तोंड पाडून पाहिलं होतं. गुडघे खाली बसू देईनात म्हणून दिवाळीत त्यांनी वेसाव्याच्या बाजारातली मासे विकायची चाळीस वर्षांची जागा सोडली. तेव्हापासून त्या अशाच.

जेवायला आम्ही मासळीबाजारात शिरलो. एक म्हातारी बांगडे विकत होती. सासूबाईंनी सरळ एकाचा कल्ला उचलून आत पाहिलं. म्हातारी खेकसली. मी माफी मागायला पुढे झाले, पण तिची नजर सासूबाईंच्या बोटांवर खिळली होती. काट्यांचे, कोयत्याचे जुने वण. तिने आपला हातमोजा काढला. तिच्याही बोटांवर तेच.

मग तिने जेवणाचा डबा दाखवला, आपलं उंच स्टूल सासूबाईंपुढे सरकवलं आणि खुशाल मागे जेवायला गेली.

सासूबाई बसल्या. पदर खोचून त्यांनी समोरून जाणाऱ्या बाईला हाक मारली, "ये गो बाय, ताजा हाय!"

बाई चक्क थांबली.

सासूबाई माझ्यावर डाफरल्या, "मधी काय उभी रायलीस? गिऱ्हाइकाला वाट दे!"