अंगावरचं दूध

बाळंतपणानंतर मन विझल्यासारखं झालं म्हणून डॉक्टरबाईंनी सुरू केलेली गोळी महिनाभर घेतल्यावर ऋजुता पाजताना लेकीशी बोलायला लागली. "भूक लागली होती होय माझ्या चिमणीला?" असं विचारताना आपण हसतोय, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

माहेरी आईला मात्र ती गोळी खुपत होती. "औषध उतरतं दुधात. तुझ्या मनाचे खेळ लेकरानं का भोगायचे?"

"पाजलं तरी चालतं म्हणाल्यात डॉक्टर. मधेच बंद करू नका, एवढंच बजावलंय."

"आम्ही काय गोळ्या खाऊन पोरं वाढवली?"

त्या दुपारी बाळ रडलं, तेव्हा आईनं ते ऋजुताकडे दिलंच नाही. स्वयंपाकघरात नेऊन वाटी-चमच्यानं पावडरचं दूध पाजायला बसली. बाळ तोंड फिरवून टाहो फोडत होतं आणि इकडे ऋजुताचा गाऊन पुढून भिजत चालला होता. शेवटी तिनं गोळ्यांचं पाकीट आईसमोर ठेवलं आणि बाळ मागून घेतलं.

हळूहळू तिचं बोलणं थांबलं. आईनं बाळ मांडीवर ठेवलं की ती बटणं सोडायची आणि त्याचं पोट भरेपर्यंत भिंतीकडे बघत राहायची. बाळ हुंकारलं तरी तिची नजर खाली वळायची नाही.

जावयाचा फोन आला तेव्हा आई समाधानानं म्हणाली, "आता काळजी नको, निनादराव. गोळ्या सुटल्या. कशी शहाण्यासारखी पाजते, तोंडातून एक शब्द नाही."